आरमाराला लाकूड हवं होतं

२०२५ च्या मे महिन्यातला दुसरा आठवडा. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री असते तेवढी गर्दी होतीच, पण म्हशीच्या धारेकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून होते. पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. राग खरा होता, माझाही होता. कुणीतरी म्हणालं, "आता मोजत बसायचं न्हाई. गरज हाय म्हटल्यावर गरज हाय. युद्धात सगळं माफ असतंय." माना डोलल्या. माझ्या शेजारी आबा बसले होते, शिरोळ तालुक्यातले, मराठा रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हातातला ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "सगळं माफ असतं तर आम्हाला शिकवलं कशाला असतं?"

त्या प्रश्नावर कुणी काही बोललं नाही. पुढचे कित्येक दिवस तो माझ्या डोक्यातून गेला नाही. भारताने पाकिस्तानात केलेल्या ७ मेच्या हल्ल्यांनंतर आपल्या सरकारने जे निवेदन काढलं, त्यात कारवाई नेमक्या लक्ष्यांवर केलेली आणि मोजून-मापून केलेली आहे, पाकिस्तानच्या लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही, असं आवर्जून सांगितलं होतं. कट्टा म्हणत होता मोजू नका, आणि सरकार सांगत होतं की आम्ही मोजलं. सरकारची ती भाषा युद्धाच्या कायद्यातून आलेली आहे, आणि त्या कायद्याच्या मुळाशी एक जुनी, फार गैरसमज झालेली कल्पना आहे: लष्करी निकड.

या शब्दाचा गैरसमज असा की ती कायद्यातून मिळालेली सूट आहे. कायदा एका बाजूला, निकड दुसऱ्या बाजूला, आणि निकड जड झाली की कायदा बाजूला ठेवायचा. मी वकिली करतो. कोर्टात असा युक्तिवाद रोज ऐकतो आणि त्याचा मोह मला कळतो. पण हा शब्द कायद्यात आला तो बांध घालण्यासाठी.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना, एप्रिल १८६३ मध्ये, लिंकन सरकारने आपल्या सैन्यासाठी एक नियमावली जारी केली. ती तयार केली होती कोलंबिया कॉलेजचे प्राध्यापक फ्रान्सिस लीबर यांनी. जर्मन वंशाचा हा माणूस कोवळ्या वयात नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी झालेला, आणि यादवीत त्याची मुलं दोन्ही बाजूंनी लढत होती. एक मुलगा दक्षिणेकडून लढताना मेला, दुसऱ्याने उत्तरेकडून लढताना हात गमावला. लीबर यांच्या चौदाव्या कलमात लष्करी निकडीची व्याख्या आहे: युद्धाचा हेतू साधण्यासाठी जे उपाय टाळताच येत नाहीत आणि जे युद्धाच्या कायद्याला आणि रीतीला धरून आहेत, तेच निकडीचे. दोन्ही अटी एकदम. उपाय टाळता न येणारा हवा, आणि वर कायदेशीरही हवा. सोळावं कलम सांगतं की निकडीच्या नावाखाली क्रौर्य चालणार नाही, सूड चालणार नाही, छळ करून कबुली काढणं चालणार नाही. लीबर यांचं माप आजच्या मानाने सैल होतं हेही सांगितलं पाहिजे, शत्रूच्या निःशस्त्र माणसांचीही उपासमार करायला त्यांनी मुभा दिली होती. ती मुभा पुढे १९७७ मध्ये बंद झाली. पण शब्दाला कुंपण तेव्हाच पडलं होतं.

कुंपण मोडण्याचा उघड प्रयत्न जर्मनीत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या काही लष्करी आणि कायद्याच्या जाणकारांनी असं मांडलं की युद्धाची गरज युद्धाच्या रीतीपेक्षा श्रेष्ठ असते. ४ ऑगस्ट १९१४ रोजी चान्सलर बेटमान होलवेग यांनी जर्मन संसदेत तटस्थ बेल्जियममध्ये सैन्य घुसवल्याचं समर्थन करताना एक म्हण वापरली, जिचा अर्थ असा की गरजेला कायदा ठाऊक नसतो. आम्ही अन्याय करतोय हे त्यांनी त्याच भाषणात कबूलही केलं होतं. तीन आठवड्यांनी ल्यूव्हेन शहर पेटलं आणि तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातले दोन लाखांहून अधिक ग्रंथ जळून गेले. ते ग्रंथालय जळाल्याने जर्मन फौज पॅरिसच्या एक पाऊलही जवळ गेली नाही.

आपल्याकडेही गरजेवर म्हण आहे: गरजवंताला अक्कल नसते. दोन्ही म्हणी शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. त्यांची म्हण गरजवंताला मोकळं सोडते. आपली म्हण गरजवंताबद्दल सावध करते, की या माणसाची नड खरी आहे, त्याची कीव करा, पण हिशेब त्याच्या एकट्याच्या हातात देऊ नका. गहाणखत करायला आलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत आपण हे जाणतो. बंदूक हातात असलेल्या राष्ट्राच्या बाबतीत ते विसरून कसं चालेल?

कट्ट्यावर मला हे सांगता आलं नाही, कारण तिथे पुढचा प्रश्न तयार होता: सैन्याचे हात बांधून लढायचं कसं? हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर कोल्हापुरातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाला एका वाक्यात समजेल. ऊसबिलातून तोडणी-वाहतूक एकदा वजा होते. ती वजा होऊन जो दर ठरला, त्यातून कारखाना पुन्हा तोडणी-वाहतूक कापू लागला तर आपण गव्हाणीत उड्या टाकू. युद्धाच्या नियमांचंही तसंच आहे. १९०७ मध्ये हेगला आणि १९४९ मध्ये जिनिव्हाला हे नियम ठरले तेव्हा वाटाघाटीला बसलेल्या राष्ट्रांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना बरोबर नेलं होतं. सैन्याला काय लागतं हे त्यांनी तिथे मांडलं आणि ते मान्यही झालं. म्हणून तर शत्रूच्या सैनिकाला मारता येतं, त्याचा पूल उडवता येतो, त्याचा दारूगोळा जाळता येतो. चौथ्या जिनिव्हा कराराचं ५३ वं कलम व्यापलेल्या प्रदेशातल्या मालमत्तेची नासधूस बंद करतं, पण लष्करी हालचालींसाठी ती अगदी अटळ असेल तर सोडून. तिथे निकडीला दार ठेवलं आहे. ओलीस धरण्याची बंदी, छळाची बंदी, यांना असं दार नाही. ते नजरचुकीने राहिलेलं नाही. निकडीची वजावट तिथे आधीच होऊन गेली आहे, आणि नियम उरला आहे तो वजावटीनंतरचा. न्यूरेंबर्गला १९४८ मध्ये जर्मन सेनापतींवरच्या ओलिसांच्या खटल्यात न्यायाधीशांनी हेच सांगितलं: लष्करी निकड किंवा सोय स्पष्ट नियमाचा भंग माफ करत नाही.

त्या वाक्यातला 'सोय' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १९४३ मध्ये, इटलीतल्या मोहिमेच्या वेळी, दोस्त राष्ट्रांचे सेनापती जनरल आयझेनहॉवर यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. निकडीपुढे काहीच टिकत नाही हे त्यांनी मान्य केलं, आणि लगेच बजावलं की 'लष्करी निकड' हे शब्द कधी कधी जिथे खरं तर लष्कराची सोय, किंवा एखाद्या अधिकाऱ्याची वैयक्तिक सोय म्हणायला हवं, तिथे वापरले जातात. पत्राला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, १५ फेब्रुवारी १९४४ रोजी, दोस्तांच्या विमानांनी मॉन्टे कॅसिनोचा सहाव्या शतकातला मठ बॉम्ब टाकून जमीनदोस्त केला. मठात जर्मन सैनिक ठाण मांडून बसलेत असा समज होता. ते नव्हते. आसऱ्याला आलेले गावकरी मात्र होते, आणि तेच मेले. मठ पडल्यावर जर्मन छत्रीधारी सैनिक ढिगाऱ्यात शिरले, आणि ढिगारा उभ्या इमारतीपेक्षा लपायला चांगला निघाला. कॅसिनो पडायला मे उजाडला. हा हल्ला चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सेनापतीने मागितला होता, म्हणजे ही काही परक्यांचीच गोष्ट नाही. त्याच इटलीत त्याच वर्षी जुलैमध्ये मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे लढताना मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत इटलीहून आलेली एखादी पितळी वस्तू किंवा एखादं पदक अजून आहे. मठावर बॉम्ब मागणाऱ्यांना दोष देणं मला अवघड जातं, कारण त्या डोंगराखाली त्यांचीच माणसं पडत होती. पण मठात शत्रू आहे का हे पुरतं तपासलं गेलं नाही, आणि 'असेल' या अंदाजाला निकड असं नाव मिळालं, एवढं म्हणावंच लागतं.

निकड आणि सोय यांतला फरक ओळखायचा कसा, हे मला ज्या मजकुरातून सर्वांत स्पष्ट कळलं तो हेगचा किंवा जिनिव्हाचा नाही. तो आपल्या करवीर राज्यातला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५ च्या सुमाराचं, करवीरच्या संभाजी महाराजांच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाच्या काळातलं. (शिवजयंतीला यातला उतारा थोरल्या महाराजांचं पत्र म्हणून मोबाइलवर फिरतो. तो अमात्यांच्या लेखणीतला आहे, आणि गगनबावड्याच्या या माणसाला त्याचं श्रेय मिळालं पाहिजे.) प्रकरण आरमाराचं आहे. जहाजांना लाकूड हवं. सिद्दी, इंग्रज, फिरंगी समुद्रावर असताना आरमार ही राज्याची खरी निकड होती, चैन नव्हती. आंबा आणि फणस यांचं लाकूड जहाजाला उपयोगी आहे हे आज्ञापत्र कबूल करतं, आणि तरी सांगतं की त्या झाडांना हात लावू देऊ नका. का? ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून 'लेकरांसारखी' वाढवलेली असतात. मग सागवान वगैरे लागेल ते स्वराज्यातल्या अरण्यातून हुजूरची परवानगी घेऊन तोडा. त्याउपर लागेल ते परमुलखातून विकत आणा. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्या. जबरदस्ती सर्वथा नको.

वकिलाच्या नजरेने हा उतारा वाचताना मी थक्क होतो. गरज खरी आहे का, हे आधी मान्य केलं. दुसरा मार्ग आहे का, तो दाखवला. होणारं नुकसान भरून येणारं आहे का, ते तपासलं. परवानगी कुणाची, ती जागेवरच्या अंमलदाराच्या हातून काढून वर नेली. आणि सगळं करून जे घ्यावं लागेल त्याचा मोबदला ठरवला. आज जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पुरवणी कराराचं, ५७ वं कलम सेनाधिकाऱ्याला जवळपास याच क्रमाने विचार करायला सांगतं: लक्ष्य तपासा, कमी हानीचा पर्याय निवडा, हानी जास्त होणार असं दिसलं तर हल्ला थांबवा.

कुणी म्हणेल, अमात्य आपल्याच रयतेबद्दल बोलत होते, शत्रूच्या रयतेबद्दल नाही. आक्षेप बरोबर आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्याकडून आजचा मानवतावादी कायदा शोधून काढणं हा खोटा अभिमान होईल. पण पद्धत तिथे आहे. शेतकऱ्याचं झाड तोडण्याआधी अरण्याकडे पाहा, ही शिस्त एकदा अंगी बाणली की माणूस कुंपणाच्या पलीकडच्या झाडाकडेही वेगळ्या नजरेने पाहतो. आणि अमात्यांची ओळ आपल्याला जशी लागते तशी प्रोटोकॉलची कलमं लागत नाहीत, म्हणून मी कट्ट्यावर पहिल्यांदा तीच सांगेन.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पावसाळ्यात राधानगरीचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला हे इथलं पोरसुद्धा सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातली गावं कित्येक दिवस पाण्यात होती, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता, आणि गोठ्यातली जनावरं दाव्यालाच मेली. ते पाणी कुणी मुद्दाम सोडलेलं नव्हतं. आता अशी कल्पना करा की कुणीतरी ते मुद्दाम सोडलं, लष्करी निकड म्हणून. जून १९३८ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारने जपानी फौजेला अडवण्यासाठी ह्वायुआनकोऊला पीत नदीचे बांध फोडले. जपानी काही काळ थांबले. सरकारच्या स्वतःच्या प्रजेतली लाखो माणसं मेली, पुरात आणि पुरानंतरच्या भुकेने. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी जर्मनीतलं म्योने धरण फोडलं. हजाराहून अधिक माणसं बुडाली, आणि त्यांत जर्मनांनीच वेठबिगारीला धरून आणलेल्या परदेशी बायका मोठ्या संख्येने होत्या. १९७७ च्या प्रोटोकॉलच्या ५६ व्या कलमाने धरणं, बांध आणि अणुवीज केंद्रांना जे खास संरक्षण दिलं, त्यामागे हा इतिहास आहे. धरणाचा लष्करी उपयोग होत असला तरी पाणी सुटून खालच्या लोकांची भीषण हानी होणार असेल तर त्याला हात लावायचा नाही, आणि अपवाद अगदी अरुंद. नदीकाठच्या माणसाला हे कलम वाचून दाखवा, तो त्यातला एक शब्दही कमी करू देणार नाही.

इथपर्यंत वाट सोपी आहे. अवघड प्रश्न पुढे आहे: निकड होती की नव्हती हे ठरवणार कोण, आणि कधी?

१९४४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन जनरल लोथार रेंडुलिक उत्तर नॉर्वेतून माघार घेत होता. सोव्हिएत फौज पाठलाग करणार असं गृहीत धरून त्याने फिनमार्क प्रांत जाळला, हिवाळ्याच्या तोंडावर घरंच्या घरं राख केली आणि लोकांना हाकलून नेलं. त्याला वाटत होता तसा पाठलाग झालाच नाही. न्यूरेंबर्गच्या ज्या न्यायालयाने वरचं वाक्य लिहिलं, त्याच न्यायालयाने या आरोपातून त्याला सोडलं. न्यायाधीश म्हणाले, निकड प्रत्यक्षात होती की नाही हा प्रश्न आमच्यापुढे नाही. त्या क्षणी समोर जी परिस्थिती दिसत होती त्यावरून त्याने प्रामाणिक निर्णय घेतला का, एवढंच आम्ही पाहतो. (इतर गुन्ह्यांसाठी त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली.)

हा निकाल मी विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा मला तो संतापजनक वाटला होता. आज अर्धा पटतो. आबांसारख्या माणसाने बर्फात, अंधारात, अपुऱ्या माहितीवर जो निर्णय घेतला, तो चार वर्षांनी उबदार खोलीत बसून नकाशावर तपासणं अन्यायाचं आहे. तिथवर न्यायालयाशी मी सहमत आहे. पण 'प्रामाणिक' या शब्दात 'मी शोधून पाहिलं' हेही असायला हवं. ज्याने डोळे मिटून घेतले त्याला दिसलं नाही म्हणून तो प्रामाणिक ठरत नाही. १९७७ मध्ये शक्य ती सगळी पडताळणी करण्याचं बंधन लिहून ठेवलं गेलं, ते ही फट बुजवण्यासाठी, असं मी मानतो. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला आणि ४२ माणसं मेली, तेव्हा त्या रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश आधीच कळवलेले होते. तिथे कमी पडली ती पडताळणी.

मोठी फट अजून उघडीच आहे. १९९६ मध्ये अण्वस्त्रांबद्दल मत देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश सात विरुद्ध सात असे विभागले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ठरलं की राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं असेल अशा टोकाच्या स्वसंरक्षणात अण्वस्त्र बेकायदा आहे की नाही हे न्यायालय सांगू शकत नाही. बेटमान होलवेगची म्हण त्या वाक्यातून परत आत येऊ शकते. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांपैकी एका देशाचा नागरिक म्हणून मला याची भीती वाटते.

आता आपल्या घराकडे. भारत १९५० पासून चारही जिनिव्हा करारांत आहे. १९७१ मध्ये ढाक्याला जो शरणागतीचा दस्तऐवज झाला, त्यात शरण आलेल्या सैनिकांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवलं जाईल असं लिहिलं होतं, आणि सुमारे ९३ हजार कैद्यांच्या बाबतीत तो शब्द पाळला गेला. कट्ट्यावर "शत्रू पाळत नाही तर आपण का पाळायचं" असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. त्या आधीच्या नऊ महिन्यांत पूर्व पाकिस्तानात जे घडलं होतं ते पाहिलेल्या सैन्याने हा शब्द पाळला. निःशस्त्र माणसाचं संरक्षण त्याच्या सरकारच्या वागण्यावर अवलंबून ठेवलेलं नाही, कारण सरकारच्या पापाची शिक्षा भोगायला तो काही सरकार नाही.

पण भारत १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये नाही. मुक्तिसंग्रामांना आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा देणारी आणि गनिमी लढवय्यांना युद्धकैद्याचं संरक्षण वाढवून देणारी कलमं आपल्याला नडतात, असं कारण दिलं जातं. त्या काळजीत तथ्य आहे. मात्र ब्रिटनने १९९८ मध्ये आणि फ्रान्सने २००१ मध्ये आपापल्या अटी आणि खुलासे नोंदवून हाच प्रोटोकॉल स्वीकारला. दहशतवादाची झळ त्यांनाही लागलेली होती. ज्या पडताळणीचा, ज्या प्रमाणशीरतेचा दाखला आपलं सरकार स्वतःच्या निवेदनात देतं, ती लेखी बांधिलकी म्हणून घ्यायला आडकाठी काय?

आणि १९६० चा आपला जिनिव्हा करार कायदा. त्याचं १७ वं कलम सांगतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच घेईल. गोव्याच्या मॉन्तेरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की हा कायदा व्यक्तीला स्वतंत्रपणे बजावता येणारा हक्क देत नाही. याचा अर्थ असा की निकड होती का, हे विचारण्याची किल्ली ज्याने निकडीचा दावा केला त्याच्याच खिशात आहे. अमात्यांनी झाडाची परवानगी अंमलदाराकडून काढून हुजूरकडे नेली होती. आपण ती अंमलदारालाच परत दिली. हे कलम बदललं पाहिजे. निदान लष्कराबाहेरच्या, न्यायाधीश दर्जाच्या एखाद्या अधिकाऱ्याला तक्रार दाखल करण्याचा अधिकार मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. कलमातच सरकारला तसा अधिकारी नेमण्याची मुभा आहे. एका अधिसूचनेचं काम आहे.

हे मी आबांना परवा सांगितलं. मला वाटलं होतं, सैनिकाला हे रुचणार नाही. त्यांनी कलमाचा नंबर पुन्हा विचारला, चष्मा काढून कागदावर लिहून घेतला, आणि म्हणाले, "वकीलसाहेब, पोराला हुकूम देणारा चुकला तर पोरगं एकटंच कचाट्यात सापडतंय. वरचा कुणी बघणारा असला तर हुकूम देणारा पण दोनदा बघंल." त्यांचा नातू आता भरतीची तयारी करतोय, टेंबलाईच्या मैदानावर पहाटे धावायला जातो.